सांधलेला निळा वाडगा पुन्हा फोडून मिळणेबाबत

दि. १४ मे १९९८

प्रति,
मा. काउंटी प्रशासक,
वेक्सली काउंटी, दक्षिण कॅरोलिना

विषय : जुन्या दफनभूमीच्या दक्षिण उतारावरून उचललेली एकेचाळीस भांडी मूळ, म्हणजे फुटक्या, स्थितीत आपापल्या कबरींवर परत ठेवणेबाबत.
संदर्भ : दफनभूमी सुशोभीकरण समितीचे 'दुरुस्ती पूर्ण' हे दि. ४ मे रोजीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका आहे. सदर दफनभूमीत उत्तरेकडे गोऱ्यांची नावे संगमरवरात कोरलेली आहेत. दक्षिण उतारावर आमची काळी माणसे आहेत. त्यांच्या कबरींवर दगड नाहीत; गेलेल्याने शेवटचे हाताळलेले भांडे तेथे फोडून ठेवलेले असते. गेलेल्याने मागच्यांना ओढून नेऊ नये, मरणाची साखळी तेथेच तुटावी, एवढाच त्यामागील हेतू.

२. समितीने ही भांडी कचरा म्हणून फेकली असती, तर मी केवळ संतापले असते. समितीने ती मायेने सांधली आणि न्यायालयाच्या दालनात काचेच्या कपाटात मांडली. खाली चिठ्ठी : 'घरगुती भांडी. मालक अज्ञात.' मालक अज्ञात नव्हते. प्रत्येक जण आपल्या भांड्याखालीच होता. अध्यक्षा श्रीमती ऑडेल हॅगूड मला म्हणाल्या, "अहो बाई, बघा तरी! चीर शोधून दाखवा!" मी अर्धा तास शोधली. सापडली नाही.

३. पैकी निळा वाडगा माझ्या आईचा. वडील चर्चचे पाळक, त्यांनी ही चाल घरात बंद केली होती. सन १९३८ च्या तापात पंधरवड्यात माझे दोन थोरले भाऊ व आई गेली. तेव्हा आजीने वडिलांना न विचारता आईच्या कबरीवर वाडगा फोडला. मी व धाकटा भाऊ ल्यूशियस वाचलो.

४. वाडगा ४ मे रोजी सांधून झाला. ५ मे रोजी ल्यूशियस अंगणात कोसळला. एकामागून दुसरे घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे ठरत नाही, हे मी एकतीस वर्षे शिकवले. सध्या रुग्णालयाच्या बाकावर तेच वाक्य स्वतःला ऐकवते. उपयोग होत नाही. ल्यूशियस म्हणाला, "ताई, एवढी शिकलेली तू, आणि असला अर्ज करणार? गाव हसेल." मी जायला उठले, तेव्हा हळूच म्हणाला, "आजच दे मात्र."

५. सबब कपाट उघडून मिळावे. फोडण्याचे काम कृपया समितीकडे सोपवू नये. ते घरच्याच माणसाने करायचे असते, आणि आमच्या घरात आता पायावर उभी अशी मीच आहे. अर्जावरील निर्णयास तीस दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे. ल्यूशियसला मी ते सांगितलेले नाही.

आपल्या दाराबाहेरच थांबलेली,
विनम्र,
डॉ. युलाली मॅनिगो

सोबत :
१) एकेचाळीस कबरींचा नकाशा, नावांसह.
२) ल्यूशियस मॅनिगो यांचा वैद्यकीय दाखला. (आजाराच्या कारणाचा रकाना डॉक्टरांनी कोरा सोडला आहे.)