होय महाराजा म्हणण्याआधी

ती. आबांस,

रागात आहे, तरी आधी नमस्कार.

इथे कोचीत सगळं ठीक. तुमची नात तेजू तापातून उठली, शाळेत जातेय. आईच्या गुडघ्यांना तेल लावता ना?

आता मुद्द्याचं. धाकट्या निलेशने फोनवर सांगितलं, की जत्रेत तुम्ही गाऱ्हाणं घातलंत: "बा देवा महाराजा, माझ्या झिलाक त्या हेलिकॉप्टरातसून खाली उतरय, खुर्चेर बसय!" आणि अख्खा गाव "होय महाराजा" म्हणाला!

आबा, भर वाऱ्यात मी हेलिकॉप्टर स्थिर धरतो, तेव्हा खाली बुडणारा माणूस दोरीने वर येतो. गेल्या पावसात वर आलेल्यांत विजयदुर्गचे खलाशी होते. त्यांच्या बापांनी कुणाला गाऱ्हाणं घालायचं?

तुम्ही जन्मभर तांडेल. वादळाचा बावटा लागला तरी होडी लोटायचात. आई किनाऱ्यावर उभी राहायची. पण तुमची होडी फुटू दे, असं तिने देवाकडे कधी मागितलं?

बदलीचा हुकूम आलाय. ऑफिसात, खुर्चीवरच. लगेच नारळ फोडू नका. बदली रद्द करायला मी अर्ज दिलाय.

काल तेजू म्हणाली, "मीपण हेलिकॉप्टर चालवणार." माझ्या तोंडून ताडकन "नाही" गेलं. आवाज हुबेहूब तुमचा. त्याचाच राग जास्त आलाय.

गाऱ्हाणं मागे घ्या, सगळ्यांदेखत. मी सुट्टीवर येतोय. "होय महाराजा" म्हणायला तुमच्या मागे उभा राहीन. माझं ते "नाही"पण त्यातच धरा, दोघांच्याही वतीने मागे घ्या.

तुमचा रागावलेला झील,
सर्वेश