ओसरीच्या कापलेल्या खांबाबद्दल

मी, कुमारी चारुलता अनंत देशकर, वय सहासष्ट, पूर्वी मुलींच्या शाळेत चित्रकला शिक्षिका, आता पेन्शनर, राहणार इतवारी, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे किती अवघड आहे हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर, ओसरी सोडून, माझा भाचा रविंद्र याला मिळावे. गुणी मुलगा आहे, दर रविवारी विचारपूस करायला येतो. मागल्या महिन्यात मात्र शटर बसवणारा माणूस सोबत घेऊन आला आणि ओसरीचे माप घेऊ लागला. तिथे दुकान काढायचे म्हणतो. दुसऱ्याच दिवशी मी हा कागद आणला.

२. ओसरी माझी विद्यार्थिनी प्रेमलता भैयाजी पराते हिला मिळावी. ती आता हुडकेश्वरच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि रविवारी इथे मुलींचा वर्ग घेते. ओसरीला मधला खांब नाही. तो का नाही, हे मागे राहणाऱ्यांना कळावे म्हणून लिहिते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, तिच्यासोबत बडगे. गावाला जे छळते त्याचा कामट्या-कागदाचा पुतळा करायचा, मिरवायचा, जाळायचा. शाळेत मी फुलदाण्या काढायला शिकवत होते. मुली कंटाळत, मीही कंटाळे. म्हणून एकोणसत्तर साली दहावीच्या मुलींना म्हटले, ओसरीवर या, तुम्हाला जे छळते त्याचा बडग्या करा. मला वाटले परीक्षेचा करतील. त्यांनी हुंड्याचा केला. माझे नियम दोनच होते: खऱ्या माणसाचे तोंड करायचे नाही, आणि गल्लीच्या टोकावरून म्हातारीलाही विषय कळला पाहिजे.

प्रेमलता त्यांतलीच. तिचे वडील भैयाजी आमचे शेजारी, हातमागवाले, आणि मोहल्ल्याच्या बडग्याचे पुढारी. तिचे लग्न ठरत होते, मुलाकडच्यांनी स्कूटर मागितली होती, आणि भैयाजी त्यापायी माग विकायला निघाले होते. पोरींनी स्कूटरवर बसलेला नवरदेव केला. भैयाजींचा निरोप आला की पोरींचा बडग्या मारबतीत चालणार नाही. निरोप आणणाऱ्याला मी चहा पाजला आणि परत पाठवले.

मारबतीच्या सकाळी पोरींनी बडग्या उचलला आणि तो ओसरीच्या मधल्या खांबाशीच अडकला. माप घेतले होते, पण स्कूटरचे हँडल बांधण्याआधी. हँडल काढायचे तर नवरदेवाचे हातच उतरवावे लागत, आणि खळ वाळून कडक झालेली. पोरी रडकुंडीला आल्या. गल्ली हसायला जमली, भैयाजी सगळ्यांच्या पुढे. त्यांनी पुतळ्याच्या कोऱ्या तोंडाकडे बोट केले.

"याले तोंड काहून नाही वं?"

आतून प्रेमलता म्हणाली, "ज्यानं त्यानं आपल्या घरचं लावावं, बाबा."

भैयाजी घरी गेले. मला वाटले, संपले सारे. ते मागाच्या दुरुस्तीची करवत घेऊन आले, छताला लाकडी बल्लीचा टेका दिला आणि मधला खांब कापून टाकला. घर माझे, पण मला विचारलेसुद्धा नाही. हा राग मी अजून धरून आहे. मग मारबतीत ते पोरींच्या पुढे चालले. स्कूटर जळाली, सोयरीक मोडली, माग राहिला, आणि प्रेमलता पुढे शिकली. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो नोकरीच्या साऱ्या वर्षांत झाला नव्हता.

पुढे मी वर लोखंडी तुळई घालून घेतली, खांब परत लावला नाही. दरवर्षी पोरींचा बडग्या तिथूनच निघतो. दारूचा झाला, रेशनच्या साखरेचा झाला. एका वर्षी माझाच करायचे घाटत होते. विषय वाईट नव्हता.

३. ती मोकळी जागा विटांनी, शटरने किंवा जाळीनेही बंद करू नये. रविंद्रने केल्यास सगळे घर प्रेमलताचे होईल. रविंद्र, तू प्रताप नगरात राहतोस. दुकान तिकडेच बरे चालेल.

४. पोस्टातली बचत कामट्या, कागद, रंग आणि खळीच्या मैद्यासाठी. विषय मुलींनीच ठरवावा, प्रेमलतानेही मध्ये पडू नये. शाळेतून निरोप घेताना मिळालेली चिनी मातीची फुलदाणी आमच्या माजी मुख्याध्यापिका यमुताई यांना द्यावी. चित्रकलेच्या तासाला याहून जास्त काही लागत नाही, असे त्या म्हणत. आता त्यांनी ती रोज पुसावी.

५. माझा हार घातलेला फोटो ओसरीत लावू नये, येता-जाता डोक्याला लागतो. मी पोळ्याच्या सुमारास गेले तर सुतकाचे कारण सांगून बडग्या थांबवू नये. मी समाधानी आहे. जायची तशी घाई नाही.

साक्षीदार भैयाजी यांनी वरील मजकूर चष्मा लावून पूर्ण वाचला, करवत मागाची होती याची खात्री केली, आणि एक वाक्य घातल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "रविंद्र, माही पोरगी तिथूनच बाहेर निघाली गा. थे बुजवू नको."

या सर्वावर आम्ही तिघांनी एकमेकांसमोर बसून सही केली.

ठिकाण: इतवारी, नागपूर
दिनांक: १२ ऑगस्ट १९८३

सही: चारुलता अनंत देशकर

साक्षीदार:
१. डॉ. ओमप्रकाश तिवारी, धंतोली
२. भैयाजी देवराव पराते, शेजारी