गठ्ठ्याचा पहिला मान

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.
क्युबातील काबाइग्वान गावच्या आमच्या गल्लीत इंटरनेट परवडत नाही; दर सोमवारी आठवड्याचा गठ्ठा येतो. मालिका, बेसबॉल, वर्तमानपत्रे, सारे एका पेन ड्राइव्हवर; तो घरोघरी हातोहात फिरतो. यापुढे तो प्रथम माझ्याकडे यावा, असा प्रस्ताव मांडला. इतरांच्या संगणकांवर विंडोज आहे. लिनक्स केवळ माझ्याकडे, आणि लिनक्सला व्हायरस होत नाही. मी तपासून पुढे देईन. रिगोबेर्तो न्हावी म्हणाला, "चौथी पास एवेलियो जकात अधिकारी झाला की रे!" शाळा चौथीपर्यंतच, पण चाळीस वर्षे सिगार वळता वळता कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या कारखान्यातील वाचकाच्या तोंडून थोर कादंबऱ्या ऐकल्या आहेत. समोरच्या घरातील एनेइदाबाईंनी अनुमोदन दिले. दुपारची कॉफी त्यांच्या ओसरीवर, शेजारच्या खुर्चीत.

सोमवार, १० मार्च.
गठ्ठ्यात एक अनोळखी फाइल. तीन वेळा उघडून पाहिली. काहीच घडले नाही, अर्थात निरुपद्रवी. नाव भारदस्त असल्याने 'एवेलियो यांची निवड' या फोल्डरात ठेवली. हे फोल्डर मी प्रत्येक गठ्ठ्यास जोडतो.

गुरुवार, १३ मार्च.
न्हाव्याचा संगणक बंद पडला. त्याच्या दुकानात कोणीही येऊन काहीही खुपसतो.

शुक्रवार, १४ मार्च.
एनेइदाबाईंच्या मुलाच्या लग्नाचे फोटो नाहीसे. मुलगा परदेशी, फोटो एवढेच. बाई रडल्या. अपराध्यास शोधून काढीन, असे वचन दिले. संशय : न्हावी. डोमिनो खेळताना तो माझ्या सोंगट्यांकडे पाहतो.

सोमवार, १७ मार्च.
गठ्ठा दोनदा तपासला. निवड जोडली.

बुधवार, १९ मार्च.
शिक्षिका यामिलेत हिचाही संगणक आजारी. म्हणाली, "अहो आजोबा, लिनक्सला होतच नाही असं नाही, कमी होतो. आणि ज्याला ताप येत नाही, तोही साथ पसरवतो बरं का." हे कोणास उद्देशून, कळले नाही. संशय : यामिलेत. व्हायरसविषयी इतके ज्ञान कशासाठी?

शनिवार, २२ मार्च.
यामिलेतने सर्वांसमक्ष माझी निवड उघडली. फाइल तेथेच होती. ती विंडोजवरच चालते म्हणे. रिगोबेर्तो ओरडला, "चोरटा माल जकात नाक्यातूनच!" माझ्याकडे ती फाइल शिस्तीने वागत होती, असे मी निदर्शनास आणले. यामिलेतने फोटो परत मिळवले. एनेइदाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत.

सोमवार, २४ मार्च.
गठ्ठा आला नाही. क्रम बदलला आहे. ओसरीवर खुर्ची एकच.

रविवार, ३० मार्च. दुपारी ३.
गठ्ठा आला. मी शेवटचा. समारोपास जबाबदार माणूस लागतोच. एनेइदाबाईंनी स्वतः आणला, खिडकीच्या गजांतून दिला, कॉफीही गजांतूनच. पुढे कोणास द्यावयाचा, असे विचारले. "कोणालाच नाही," म्हणाल्या. "कप तेवढा परत करा. साबणाने धुऊन."