पेपर एक, एक्क्याण्णव मार्क

३ जानेवारी, सकाळी ५.४०
हॉस्पिटलात परदेशी रुग्णांसाठी नवा विभाग उघडतोय. त्याची प्रमुख व्हायचं तर इंग्रजीची वरची परीक्षा पास हवी. बावीस वर्षं वॉर्ड माझ्या ताब्यात आहे, डॉक्टरांचं इंग्रजीसुद्धा मीच दुरुस्त करते. परीक्षा नावापुरती. तरी सरावाचं पुस्तक आणलं. सहा पेपर, आठवड्याला एक. घड्याळ लावून. मध्ये उठायचं नाही.

५ जानेवारी
पेपर एक. शंभरात ५४. पास साठला. दोनदा बेल वाजली, पेन्सिलीचं टोक मोडलं. शिवाय उत्तरसूचीतली सहा उत्तरं मला पटलेली नाहीत. ती माझी बरोबर धरली तर साठ होतात. पास.
हे म्हणाले, उत्तरसूची तुला विचारून छापायला हवी होती. टोमणे मारायला अभ्यास लागत नाही.

१२ जानेवारी
पाया कच्चा ठेवून पुढे जाऊ नये. जुनी उत्तरं खोडून पेपर एक पुन्हा. ७३.

१९ जानेवारी
पेपर एक. ८४. लेक फोनवर म्हणाली, आई, अगं तोच पेपर आहे, उत्तरं पाठ झाली असतील तुझी. तिला सांगितलं, पाठ होणं यालाच आमच्या वेळी अभ्यास म्हणत.

२६ जानेवारी
ऐकण्याचा भाग. रेकॉर्डिंगमधला गृहस्थ अर्धे शब्द गिळतो. थांबवून, मागे नेऊन, चार-चार वेळा ऐकलं. सगळी बरोबर. कान शाबूत आहेत.

२ फेब्रुवारी
पेपर एक. ९१.
वॉर्डातली सर्वांत धाकटी सिस्टरही परीक्षेला बसणार आहे. तिला सगळे चिमणी म्हणतात, आवाज तेवढाच आहे. किती पडतात विचारलं. म्हणाली, कालच सहावा पेपर झाला, एकसष्ट. मी माझे एक्क्याण्णव सांगितले. म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी बस.

१६ फेब्रुवारी, दुपारी
पेपर दोन उघडला. पहिला उतारा तीनदा वाचला. मिटला. ऐन परीक्षेच्या तोंडावर नवीन काही हाती घेऊ नये.
वॉर्डात स्वतःचं बीपी मोजलं. दीडशे-शंभर. मशीन बिघडलंय. दुसरं आणलं. तेही बिघडलंय.

२४ फेब्रुवारी
परीक्षा झाली. लेखी ठीक. शेवटचे दोन भाग राहिले, पण जे लिहिलं ते सुवाच्य. ऐकताना हात वर करून म्हटलं, जरा मागे घ्या. पर्यवेक्षकाने हात खाली घ्यायची खूण केली.
बोलण्याची परीक्षा जोडीने होती. माझ्या जोडीला नेमकी चिमणी. शहराला बाग हवी की वाचनालय, हे दोघींनी चर्चा करून ठरवायचं. ती बाग म्हणाली. तिला तिथेच थांबवून वाचनालय ठरवून टाकलं. परीक्षकाने तिला दोनदा वेगळं विचारलं, दोन्ही वेळा ती अडखळण्याआधी तिचं वाक्य मीच पूर्ण केलं. तेवढं सांभाळून घ्यावं लागतं. परीक्षक सारखं काहीतरी लिहीत होता. प्रभाव पडला असणार.

१८ मार्च
४७. चिमणी ६८.
बोलण्यात मला सर्वांत कमी. शेरा आहे, जोडीदाराला बोलू दिलं नाही. फेरतपासणीचा अर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत लिहायचा आहे. उद्या बघू.

१ एप्रिल
चिमणी आज नव्या विभागात गेली. मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं, तिच्या जागी माणूस मिळेपर्यंत तिचं काम तुम्हीच बघा. सकाळी तीस खाटांचं टेंपरेचर घेतलं. अकरा नंबरचे आजोबा तीन आठवडे आमच्याकडे आहेत. थर्मामीटर काढल्यावर त्यांनी विचारलं, काय हो बाई, नवीन लागलात का?
हो म्हटलं.