चार दिवसांचे काम

दि. ९, मंगळवार, सकाळ

चि. टिंबू हिस,

अनेक आशीर्वाद. प्रकृती उत्तम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून तसे लिहितो. गुडघा दुखतो, तो दुखणारच होता. तुझ्या खोलीची खिडकी रोज सकाळी उघडतो व सायंकाळी लावतो. टेबलावरचा तुझ्या संगणकाचा मोठा पडदा फडक्याने झाकून ठेवला आहे. त्यावर धूळ बसली तर आल्यावर तू माझ्याच नावाने ओरडशील, हे ठाऊक आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते उचलावे लागत नाही, दाराखालून आपोआप आत येते.

काल तुझी आत्या आली होती. येत्या सोमवारी तू फर्निचरवाल्यांकडे नोकरीच्या करारावर सही करणार आहेस, असे तिने सांगितले. दरमहा ठरलेला पगार, सकाळी नऊ ते सायंकाळी सात, आणि त्यांच्या व्यापारी संघातल्या झाडून साऱ्या दुकानांची संकेतस्थळे तू एकटीने करायची. आत्या म्हणाली, "आता का रे तोंड उतरलं, दादा? पोरीला महिन्याचा पगार हवा, असं तूच तर म्हणायचास." म्हणत असे. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

टिंबू, सही करू नकोस.

त्या गृहस्थांना तू नको आहेस. तुझा वेग हवा आहे. जे काम दुसरा महिनाभर घोळत बसेल, ते तू चार दिवसांत हातावेगळे करतेस. तो वेग अकरा वर्षांच्या मेहनतीचा आहे. करारावर सही केलीस की तो त्यांचा होईल, आणि जितके भरभर करशील तितके पुढचे काम तुझ्यापुढे येऊन पडेल.

हे मी अनुभवाने सांगतो. छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम मला पानाच्या दराने मिळत असे. तेव्हा माझी नजर तरुण होती. इतरांची चाळीस पाने सायंकाळी होत, माझी दुपारच्या आत होत. मालकांनी एके दिवशी जवळ बोलावले आणि म्हणाले, "तुझं काय बाबा, तुझं लवकर होतं." आणि माझा दर निम्मा केला. शाबासकी आणि कपात, दोन्ही एकाच वाक्यात. त्या मालकांचा मला आजही संताप येतो.

आणखी एक. तुझ्या त्या फोटो काढणाऱ्या मैत्रिणीशी तू बोलणे टाकले आहेस. त्या निर्णयाचा फेरविचार करावास, असे मला वाटते. कारण आज लिहीत नाही.

जेवण वेळेवर घेत जा. सोमवारच्या आत उत्तर धाड. एका ओळीचे असले तरी चालेल.

तुझा हितचिंतक,
बाबा


दि. १४, रविवार, सकाळ

चि. टिंबू हिस,

आशीर्वाद देण्याचा अधिकार आज मला आहे की नाही, हे पत्राच्या शेवटी तूच ठरव.

उत्तर आले नाही. येणार नाही, हे मंगळवारीच कळायला हवे होते. ते पत्र मी तीन वेळा कच्चे लिहिले व चौथ्यांदा स्वच्छ उतरवले. तू लहानपणापासून पाहिले आहेस, तुझ्या बापाच्या हातून खाडाखोड केलेला कागद घराबाहेर जात नाही. प्रत्येक वेळी उतरवताना एक परिच्छेद गळत गेला. तो परिच्छेद आज प्रथम लिहितो, नाहीतर तोही पुन्हा स्वच्छ होऊन बसेल.

तुझे काम चार दिवसांचे असते, हे फर्निचरवाल्यांना मी सांगितले.

तुझ्या मैत्रिणीने नव्हे. मी.

सांगितले त्याच्या आदल्या सायंकाळी तू त्यांच्यासाठी केलेले दरपत्रक माझ्यापुढे ठेवलेस आणि म्हणालीस, "बाबा, भाषा तेवढी बघा हं. आकड्याला हात लावायचा नाही." मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि आकड्यापाशी येऊन थांबलो. वर लिहिले होते: संकेतस्थळ, सात पाने. मी मनात भागाकार केला. आयुष्यभर तोच केला होता. पाने दिसली की माझा हात आपोआप दर काढू लागतो. तुझ्या एका पानाला जे पडत होते, ते मला एका अख्ख्या ग्रंथाला मिळाले नव्हते. पुस्तकाचे पान आणि तुझे पान या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत, हे मला कळत नव्हते असे नाही. कळून घ्यायचे नव्हते. त्या आकड्याखाली मी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली. तू विचारलेस, "ही कशाला?" मी म्हणालो, "सहज."

दुसऱ्या दिवशी तू फोटोंसाठी मैत्रिणीकडे गेली होतीस, तेव्हा फर्निचरवाले स्वतः दारात आले. खुर्चीत बसले, माझी विचारपूस केली. मग म्हणाले, "आजोबा, एक विचारू? हे वेबसाइटचं काम असतं तरी किती दिवसांचं हो?"

"सातच पानं आहेत," मी म्हणालो. "चार दिवसांत उरकते ती."

"चारच?"

"कधी कधी तीनही."

तो 'तीनही' कोणी विचारला नव्हता. तो मी पदरचा दिला.

मुलीचे कौतुक करण्याच्या भरात बोलून गेलो, असे मी कित्येक महिने स्वतःला सांगत होतो. कौतुक माझ्या आवाजात होते, हे खरे. पण ते वरवरचे. त्याखाली जे होते त्याला चांगला शब्द नाही, म्हणून साधा लिहितो: मला तुझा आकडा डोळ्यांत खुपत होता.

पुढचे तू भोगलेच आहेस. त्यांनी तुला दिवसाच्या हिशेबाने निम्म्याहून खाली आणले, आणि संघाच्या बैठकीत सर्वांना सांगितले. त्यानंतर जो ग्राहक येई तो विचारी, "दिवसाला किती घेता?" तू दाराआड उभी राहून रडलीस, आणि बाहेर येऊन म्हणालीस, "चार दिवस हे फक्त तिला माहीत होतं." मग माझ्याकडे वळलीस. "बाबा, तुम्ही तर बोलला नाहीत ना कुणाशी?"

मी म्हणालो, "मी कशाला बोलू?"

तो नकार नव्हता, प्रश्न होता. माझ्यासारख्या माणसाला तो फरक कळतो. मी त्याच्याआड लपलो, आणि तू त्याच दिवशी तुझी सख्खी मैत्रीण तोडलीस. पुढे आपले भांडण झाले, तेव्हा "तुझे दरच अवाच्या सवा होते" असे मी तुला सुनावले, आणि तू घर सोडलेस.

आता छापखान्याचे उरलेले सांगतो. मंगळवारी अर्धेच सांगितले. दर निम्मा झाल्यावर मी काय केले, ठाऊक आहे? मी हळू झालो. दुपारपर्यंत पाने संपवायची आणि शेवटच्या पानावर पेन्सिल टेकवून सायंकाळपर्यंत बसून राहायचे, म्हणजे कोणाला कळत नसे. एकतीस वर्षे माझ्या दुपारी वाचून झालेली पाने वाचण्यात गेल्या. लोक म्हणत, किती बारकाईने वाचतो हा. तू शाळेतून येऊन दुपारी डबा आणत असस आणि सायंकाळी रिकामा न्यायला येत असस. एकदा विचारलेस, "बाबा, दुपारी पण हेच पान होतं ना?" मी म्हणालो, "अवघड आहे गं हे." ते पान शुभविवाहाच्या एका आमंत्रणाचे होते.

वेगाची शिक्षा काय असते, हे माझ्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? तरी मी तुझा वेग दारात बसून वाटून टाकला. मालकांचा संताप येतो असे मी लिहिले. मालक निदान माझे बाप नव्हते.

शुक्रवारी मी तुझ्या मैत्रिणीकडे गेलो. गळ्यात कॅमेरा, हातात ओले फडके, तशीच तिने दार उघडले. मी उंबऱ्यातच सर्व सांगितले. तिने हातातले फडके खाली ठेवले. मग म्हणाली, "काका, सहा महिने मी आठवत बसलेय, मी कुणाला बोलले, कधी बोलले. मला तर वाटायला लागलं होतं की बोलले असेन." मी हात जोडले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." पाणी मात्र दिले. मी ते प्यालो.

तेथून फर्निचरवाल्यांकडे गेलो. वाटले, जे मी बिघडवले ते मीच दुरुस्त करीन. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यातच तर हयात गेली. दुकानात मध्यभागी एक मोठे टेबल होते.

"हे करायला किती तास लागतात?" मी विचारले.

"मशीनवर ना? दीड-दोन."

"मग किंमत दोन तासांची का लावली नाहीत?"

ते हसले. "आजोबा, लाकूड आलं, घडण आली. वीस वर्षं हलणार नाही हे. तासांवर टेबल विकतं का कुणी?"

"माझी मुलगीही तासांवर विकत नव्हती. मी नेऊन बसवली तिला तासांवर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "पटतंय मला तुमचं. तिनं वेबसाइट केल्यापासून बाहेरगावचं गिऱ्हाईक दुप्पट झालंय, खोटं कशाला बोलू? पण मला स्वस्तात मिळतंय, तर मी महाग का घेऊ? तुम्ही घ्याल?" आणि वर म्हणाले, "चहा सांगू का?"

एवढे मोठे शब्दभांडार घेऊन मी त्या दुकानातून मुकाट्याने बाहेर आलो. माझ्या हाती आता काही उरलेले नाही, टिंबू. म्हणून तुझ्या पायरीशी येतो आहे.

एकच प्रसंग सांगून थांबतो. बाळाच्या औषधाचे पत्रक एकदा माझ्याकडे तपासायला आले होते. 'दोन थेंब' असे हवे होते, तेथे 'दोन चमचे' असे खिळे जुळले होते. मी ते पकडले. घड्याळ लावले असते तर अर्धे मिनिट भरले असते. मला एका पानाचे पैसे मिळाले, आणि ते योग्यच आहेत, असे मी चाळीस वर्षे मानले. ती किंमत अर्ध्या मिनिटाची नव्हती, पानाचीही नव्हती. कोठल्यातरी घरात जे मूल वाचले, त्याच्याशी तिचा काही संबंध असायला हवा होता. मला तो आकडा कधी उच्चारता आला नाही. तुला आला होता. तू तो टंकून, छापून, माझ्यापुढे ठेवला होतास.

ते दरपत्रक तुझ्या खणात सापडले. सोबत जोडले आहे. आकड्याखालची रेघ मी खोडरबराने पुसली. उजेडात धरलेस तर दिसेल, कारण मी ती दाबून ओढली होती. उद्या करार पुढे आला की त्याशेजारी हा कागद ठेव. मग हवे ते कर. घरी ये वा येऊ नकोस. मला क्षमा कर वा करू नकोस. पण किती दिवस लागतात, असे कोणी विचारले, तर सांगू नकोस. माझी एवढीच विनवणी आहे, आणि ती मी गुडघा दुखत असूनही तीन जिने चढून करतो आहे. हे पत्र दाराखालून सरकवीन आणि घंटा न वाजवता खाली उतरेन. मला उतरायला वेळ लागतो. खिडकीत आलीस तर मी बराच वेळ दिसेन.

या पत्रात अकरा ठिकाणी खाडाखोड आहे. स्वच्छ प्रत केली नाही.

सहीच्या वर मी आजवर जे दोन शब्द लिहीत आलो, त्यांची जागा यावेळी मोकळी सोडली आहे.



बाबा