अर्ज मुदतीत आहे

५ मे, सोमवार

साहेबांनी आज सगळ्या ऑफिसला, म्हणजे मला आणि टायपिस्टबाईंना, केबिनमध्ये बोलावलं. जूनअखेर वकिली बंद करणार म्हणाले. गुडघे कोर्टाचे जिने चढत नाहीत. फाईली चौकातल्या काचेच्या दारवाल्या फर्मकडे जाणार. माणसंही जाऊ शकतात, पण ती मंडळी कायद्याचा कोर्स केलेलाच कारकून ठेवतात. शिकत असला तरी चालेल, अ‍ॅडमिशनची पावती दाखवायची. टायपिस्टबाई खुशाल आहेत. त्या तशाही रिटायर होताहेत.

मी डगमगलो नाही. बावीस वर्षं इथे काढलीत. अर्धी वकिली मलाच येते, उरलेली अर्धी म्हणजे काळा कोट. दुपारीच माहितीपत्रक आणलं. कायद्याचा डिप्लोमा, पार्ट-टाइम, डिस्टन्स लर्निंग, पुस्तकं घरपोच. शेवटची तारीख २५ मे. फी साठ हजार. माझ्या खात्यात सहा आहेत. म्हणजे प्रश्न फक्त एका शून्याचा आहे.

उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

७ मे, बुधवार

पहाटे उठलो नाही. फी भरण्याआधी अभ्यास करणं कायद्याला धरून होणार नाही.

बँकेत गेलो. लोनवाला पोरगेला ऑफिसर, टाय जरा सैल. त्याने फॉर्म दिला आणि खालच्या फुल्यांवर सह्या करा म्हणाला. मी काय त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे का? बाकावर बसून अख्खा फॉर्म वाचला. चौदावं कलम सरळसरळ एकतर्फी. लाल पेनने खोडलं, बाजूला सही केली. सतरावं सुधारून लिहिलं. एकविसाव्यात बँकेवरच दंड बसवला. ऑफिसरने तो कागद बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, काका, हा फॉर्म आता कशाचाच राहिला नाही. नवा मागितला तर म्हणाला, जामीनदार घेऊन या, आणि पेन घरी ठेवून या.

बँकेने माझा धसका घेतलेला दिसत होता. असो. बँक गेली.

८ मे, गुरुवार

बायको म्हणाली, साहेबांना का नाही विचारत? बायकांना हे कळायचं नाही. इतक्या वर्षांत मी साहेबांकडे कधी अ‍ॅडव्हान्ससुद्धा मागितला नाही, त्याला काही किंमत आहे. शिवाय ते नाही म्हणाले तर? मग रोज त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं? हे शेवटचं कारण तिला सांगितलं नाही.

१२ मे, सोमवार

देव पावला! एक ट्रस्ट आहे. नोकरी करून शिकणाऱ्या गरजूंना पूर्ण फी देतो. अर्जात एवढंच विचारलंय की तुम्हाला का शिकायचंय ते तुमच्या शब्दांत एका पानात लिहा. हे तर माझ्या डाव्या हाताचं काम.

मसुदा झाला. एकोणीस परिच्छेद. ‘अर्जदार हा सज्ञान व सुजाण इसम असून’ इथून सुरुवात. शेवटी ‘सबब विनंती की’, आणि त्याखाली ट्रस्टला योग्य व न्याय्य वाटेल ती अन्य दाद. हिरवी फीत लावून बांधला. टायपिस्टबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, यात गरज कुठे आहे? मी म्हणालो, परिशिष्ट क.

अर्ज परवा देणार. परवा ट्रस्टची शेवटची तारीख आहे. आमच्या ऑफिसचा शिरस्ताच आहे, शेवटच्या दिवसाआधी काही दाखल करायचं नाही. आधी दिलं की समोरच्याला चुका काढायला वेळ मिळतो.

१४ मे, बुधवार

दिला. पोच घेतली. खिडकीवरची बाई फितीकडे बघतच राहिली.

१७ मे, शनिवार

ट्रस्टचं उत्तर. अर्ज नामंजूर. कारण असं की, ज्यांना अर्ज लिहायला वकील लावणं परवडतं ते गरजू या व्याख्येत बसत नाहीत.

ड्राफ्टिंगला याहून मोठं सर्टिफिकेट नाही. पत्र जपून ठेवलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि थोडं रडलो. नळ अशासाठी की बायकोला तेवढाच ऐकू जावा.

आता उरला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, टायरचं दुकान. मला दाजी दाजी करतो आणि दर भेटीत माझ्या स्कूटरच्या टायरकडे कीव करून बघतो. त्याच्याकडे हात पसरायचे? पसरीन, पण रीतसर. पत्र लिहिलं. तोंडी मागितलं की नात्यात कटुता येते.

२१ मे, बुधवार

आजचा दिवस लिहू नये असा आहे, पण लिहितो.

अकरा वाजता ऑफिसात मेहुणा. घामाघूम. माझ्याकडे न बघता तडक साहेबांच्या केबिनमध्ये. पाच मिनिटांनी मला हाक, डिक्टेशन घ्यायला.

मेहुण्याच्या हातात माझं पत्र. त्याने ते वाचून दाखवलं तेव्हा मलाही जरा कडक वाटलं. ‘आपणांस कळविण्यात येते की सदर पत्र मिळाल्यापासून सात दिवसांचे आत साठ हजार अदा करावे, कसूर झाल्यास होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’ बावीस वर्षांत हाताला दुसरं वळणच राहिलेलं नाही. त्यात मी रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं. तो दोन दिवस जेवला नव्हता. त्याला वाटलं, आमच्या लग्नाच्या वेळचं काहीतरी देणंघेणं वर आलं. आणि ओळखीचे वकील कोण, तर माझेच साहेब.

साहेबांनी चेहरा जराही न हलवता उत्तर सांगितलं आणि मी माझ्याविरुद्धचं उत्तर लिहून घेतलं. की नोटीस देणार यांना आमचे अशील यांनी यापूर्वीच आपली सख्खी बहीण दिलेली असून त्यापलीकडे ते काहीही देणे लागत नाहीत. मेहुणा म्हणाला, वा! पाचशे फी देऊन गेला. पावती मीच फाडली.

संध्याकाळी बायको बोलत नाही. भावाचा फोन आला असणार. तिने फक्त ताट वाढलं आणि दिवा न लावता आतल्या खोलीत बसून राहिली. मला तिची भीती वाटली नाही. जूनची वाटली. घरभाडं, मुलीची शाळा, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी फाईल हातात घेऊन दारोदार फिरणारा मी. पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं सगळं. दिसायला नको होतं.

२३ मे, शुक्रवार

नोटिशीचा अपेक्षित परिणाम झाला!!

साहेबांनी बोलावलं. विचारलं, साठ हजार कशाला हवे होते? सांगितलं. ते म्हणाले, एवढंच? मग मला का नाही विचारलंस? ड्रॉवर उघडला आणि विद्यापीठाच्या नावाने चेक लिहून दिला. परत करायचा नाही म्हणाले. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, पाय सोड, गुडघा दुखतो.

बायको बोलली. हसलीसुद्धा. म्हणाली, उद्या सकाळीच विद्यापीठाच्या केंद्रावर जाऊन भरून या.

मी समजावलं. शेवटची तारीख २५, म्हणजे रविवार. शेवटचा दिवस सुटीचा आला की दुसऱ्या कामाच्या दिवशी केलेलं दाखल मुदतीत धरतात. हे कायद्याचं पहिलीतलं गणित आहे. सबब, सोमवार. शनिवारी रांगेत उभं राहतील ते अडाणी. ती म्हणाली, तो कोर्टाचा कायदा असेल, कॉलेजचा कशावरून? मी नुसता हसलो. आता विद्यार्थी झालो की तिला हळूहळू शिकवीन.

२५ मे, रविवार. दुपारी ३

काळा कोट शिवायला किती लागतात त्याची चौकशी केली. डिप्लोमावाल्याला कोट नसतो, पण माप देऊन ठेवायला काय जातं?

शेजारी दार वाजवून सांगत होता की त्याने केंद्राबाहेर गर्दी पाहिली. अफवा.

२६ मे, सोमवार

दहाला केंद्रावर. रांग नाही. म्हटलं, बघा, मी म्हणत होतो.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, अ‍ॅडमिशन काल संपल्या. मी त्याला सुटीचा नियम सांगितला. तो म्हणाला, सुटी कसली, काल मुद्दाम संध्याकाळपर्यंत उघडं ठेवलं होतं, शेवटचा तास तर माशा मारत बसलो होतो. मी तिथेच उभ्या उभ्या विलंबमाफीचा अर्ज लिहिला, सहा मुद्दे, एक दिवसाचा विलंब हेतुपुरस्सर नाही वगैरे. त्याने शांतपणे वाचला. अक्षर सुंदर आहे म्हणाला, आणि दाराजवळच्या सूचनापेटीत टाकायला सांगितलं. टाकला.

ऑफिसात आलो. चेक साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. वर हेही म्हणालो की शेवटच्या दिवसाआधी दाखल करायचं नाही हे मी तुमच्याकडूनच शिकलो. तोंडातून निघून गेलं.

साहेब बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, अरे, ते अशिलांच्या कामात. माझ्या पोरांच्या फिया मी पहिल्या दिवशी भरल्या.

मी जूनचं विचारलं. ते म्हणाले, काचेच्या दारवाल्यांना एक अनुभवी माणूस हवा होता, कोर्स नसला तरी चालणार होतं. सगळ्या खटल्यांच्या मुदती सांभाळायला. सकाळीच फोनवर साहेबांनी माझं नाव सुचवलं होतं. आता त्यांना पुन्हा फोन करावा लागेल म्हणाले, आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं.

घरी आलो तर बायकोने माझ्यासाठी खिडकीपाशी टेबल मांडलं होतं. मुलीने तिचा कंपास दिला होता. मी टेबलाशी बसलो. दोघी दाराआडून बघत होत्या, म्हणून हे लिहीत बसलोय.