राखीव ब्रेक

प्रिय लिस्बेट,

तू पाठवलेलं पार्सल मंगळवारी पोचलं. लोकरीचे दोन बनियन, कॉफीची तीन पाकिटं आणि बाबांच्या खांद्यासाठी मलमाची मोठी नळी. वर पंचाण्णव क्रोनची टपाल तिकिटं. तेवढ्या पैशांत इथे आणखी दोन पाकिटं कॉफी आली असती, पण तू आठवणीनं पाठवलंस, त्याबद्दल बोलत नाही. मलम मात्र तसंच परत पाठवावंसं वाटलं होतं. का, ते पुढे लिहिते.

बाबांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. कोट मी चढवते, पाव मी कापून देते, आणि कोणी आलं की ते हात खिशात घालून बसतात. डॉक्टरांनी सांगितलं, आतला स्नायू दोरासारखा विरत चाललाय, नऊ जूनला शस्त्रक्रिया करून घ्या, नाहीतर हात कायमचा जाईल. बाबांनी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, ऑक्टोबरात पाळण्यांची बाग बंद झाली की बघू, भर सीझनमध्ये मी झोपून राहिलो तर गाडीवर कोण उभं राहणार? डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी पर्स उघडून रुमाल शोधत बसले.

गेला हिवाळा तुला फोनवर जेवढा कळला त्याहून वाईट गेला. बागेतली ती लाकडी डोंगरगाडी, तुम्ही रोलर कोस्टर म्हणता ती, बाबांनी तेहेतीस वर्षं दोन डब्यांच्या मधे उभं राहून हातानं आवरली. कुठल्या उतारावर किती धरायची, दमट सकाळी किती सोडायची, हे त्यांच्या हातालाच ठाऊक होतं. मग रुळांमधे चुंबकं बसवली, आता गाडी आपली आपण धीमी होते, माणूस लागत नाही, असं सांगून त्यांना घरी पाठवलं. सुरक्षेसाठी ते बरोबरच असेल, मी त्यातलं काय बोलू. पण हा माणूस रोज सकाळी बूट घालून स्वयंपाकघरात बसायचा आणि दुपारी काढायचा. चर्चमध्ये यायचे, पण गाणं म्हणायचे नाहीत.

नाताळात तू आलीस. बदक टेबलावर होतं, बाबांनी ताटातलं नुसतं चिवडलं होतं. तू म्हणालीस, जुन्या वास्तू जपणाऱ्या लोकांनी अट घातली आहे की गाडीवर ब्रेकवाल्याची जागा राहिली पाहिजे, टोपी राहिली पाहिजे, आणि ब्रेकचा तो दांडा राखीव म्हणून राहणार आहे. "बाबा, चुंबकाचा काय भरवसा, शेवटी तुमचाच हात लागणार." बाबांनी काटा खाली ठेवला, तुझ्याकडे बघितलं आणि बदकाचा आणखी एक तुकडा मागून घेतला. त्या रात्री पलंगापाशी गुडघे टेकून मी तुझ्यासाठी देवाचे आभार मानले. तेही तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

एप्रिलपासून बाबा पुन्हा गाडीवर, आणि घरात रोज गाडीच्याच गोष्टी. आज दुसऱ्या उतारावर चुंबक उशिरा लागलं, मी धरली म्हणून बरं. आज पावसानं रूळ निसरडे होते, पोरं हसत होती, त्यांना काय कल्पना. वाफलच्या टपरीवरची आग्नेटे त्यांना कप्तान म्हणते. काय कप्तान, आज सगळ्यांना जिवंत परत आणणार ना? तर हे म्हणतात, माझ्या गाडीतून जिवंतच उतरतात, पुढे तुझं वाफल खाऊन काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी हसायचे. खरंच हसायचे.

मागच्या गुरुवारी ते डबा विसरून गेले म्हणून मी बागेत गेले. जेवणाची सुट्टी होती, गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी होती आणि कियर्स्टन नावाची कामगार बाई खाली उतरून चाकांना वंगण लावत होती. मी सहज वाकून बघितलं. बाबांचा दांडा फळीतून खाली येतो आणि तिथेच एका जाड स्प्रिंगला बांधलेला आहे. पुढे काही नाही. ना चाकाकडे, ना रुळाकडे. मी शिवणाचं यंत्र वापरणारी बाई, एवढं मला दिसतं. कियर्स्टनला विचारलं तर म्हणाली, "अहो काकू, तो शोभेचा आहे. आधी नुसताच ठेवला होता, पण लुळा वाटायचा. मग बागेच्या कोपनहेगनच्या ऑफिसातून तुमच्या लिस्बेटनंच सुचवलं, चांगली कडक स्प्रिंग घाला, म्हणजे ओढल्यासारखं वाटेल."

म्हणजे बाबांचा खांदा त्या स्प्रिंगपायी जातोय, लिस्बेट. दिवसातून चाळीस वेळा ते सगळा जीव लावून तिला ओढतात, आणि संध्याकाळी मी त्यांना तू पाठवलेलं मलम चोळते.

तू माया म्हणून केलंस, यात मला शंका नाही. पण ती तुला स्वस्तात पडली. जेवताना बाबा हल्ली आभाराच्या प्रार्थनेत स्वतःचं एक वाक्य घालतात, आजचे सगळे प्रवासी सुखरूप उतरले म्हणून. त्यावर आमेन मला म्हणावं लागतं. तू कोपनहेगनला असतेस, तुला म्हणावं लागत नाही.

मी सुचवून पाहिलं. म्हटलं, आता चुंबकं आहेत, तुम्ही एवढा जोर लावू नका. तर म्हणाले, तुला तुझे हिशेब कळतात, मला माझी गाडी कळते, हवं तर लिस्बेटला विचार. माझ्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत. ठेवला तरी तू त्यांना फसवलंस हे माझ्या तोंडून कळायला नको. खरं कळल्यावर ते पुन्हा बूट घालून बसतील, हे मला दिसतं आहे. तरी हात वाचला पाहिजे. म्हणून नऊ जूनच्या आत तू स्वतः ये, त्यांच्यासमोर बस आणि सांग. ही एकच गोष्ट मागायला हे पत्र लिहिलं.

फोन करू नकोस. फोन तेच उचलतात, आणि तुझा आवाज ऐकला की आज गाडी कशी सांभाळली ते सांगायला लागतात, मग तुझ्यानं बोलवणार नाही. कोणत्या गाडीनं येतेस ते उलट टपाली कळव. आपल्याकडे टपाल दहाला येतं, तेव्हा ते कामावर असतात.

तुझीच,
आई